त्रुटी १४ : भोईरांना कळवा

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

ही डायरी जुन्या कंपनीने जानेवारीत फुकट वाटली होती. तिच्यात लिहून ठेवावं असं त्या कंपनीत वर्षभर काही घडलं नाही. आता नोकरी सोडली, तेव्हा कोरी पानं वाया कशाला घालवा म्हणून सुरुवात करतोय. पानं कमी पडणार नाहीत, तारखा पडतील. त्या मी हाताने घालीन.

वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीतली सगळी मंडळी "चालतंय ना, मग राहू दे" या पंथाची. प्रोग्रॅम मध्येच मेला तरी पडद्यावर "धन्यवाद" उमटलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा. मी मीटिंगमध्ये तोंडावर सांगितलं की हे फसवणुकीचं काम आहे. साहेबांनी चहा मागवला.

आता मी आणि चंदू. चंदू कोळी कोपरीचा, कॉलेजपासूनचा मित्र. पडदे आणि छपाई तो लिहिणार, डिस्कवर माहिती ठेवणं-काढणं मी. म्हणजे पाया माझा, रंगकाम त्याचं. पहिलं गिऱ्हाईक त्याच्याच ओळखीने मिळालं : कोपरीतल्या डॉ. सुहासिनी रेगे यांची रक्त-लघवी तपासायची लॅब.

वीज गेली की डॉसच्या फाइली अर्धवट तुटतात, आणि आमच्याकडे वीज येते ती जाण्यासाठीच. म्हणून फाइलींची पद्धत मी स्वतः लिहिली. माझं प्रत्येक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक तुकडा, काम करून परत येताना एक आकडा घेऊन येतं. शून्य म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे खाली काहीतरी बिघडलंय. ज्याने काम सांगितलं त्याने तो आकडा बघायचा. त्याच्याने निस्तरत नसेल तर तसाच वरच्याकडे द्यायचा, त्याने त्याच्या वरच्याकडे, असं करत थेट माणसापर्यंत. मध्ये कोणी गिळायचा नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे कोणाला जमत नाही, कारण वाईट बातमी वर नेणं हा इथे उद्धटपणा समजतात.

हे सगळं मी शालूला समजावत होतो तर बायकोसाहेबांना जांभई आली. म्हणाली, हल्ली दमल्यासारखं वाटतं. दिवस गेलेत हे मान्य, पण नुसतं ऐकून दमणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चंदूचा छपाईचा प्रोग्रॅम तपासायला त्याच्या घरी गेलो होतो. त्याची आई सगुणाकाकी ओट्यावर मासळी निवडत बसली होती. मी कागद उघडला आणि पहिल्याच पानावर डोकं फिरलं. माझं वाचायचं फंक्शन याने बोलावलंय आणि परत आलेला आकडा बघितलेलाच नाही!

मी त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवलं. डिस्कवरून वाचलेली माहिती माझं फंक्शन एका ठरलेल्या जागेत वाढतं. आम्ही त्या जागेला ताट म्हणतो. वाचायला जमलं नाही, तर ताटात आधीच्या पेशंटचं उष्टं तसंच पडलेलं असतं. आकडा न बघता ताट उचललंस तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावाने छापला जाईल.

"मग तूच वाढायच्या आधी ताट धुऊन का नाय ठेवत?" चंदू म्हणाला.

"तुमच्या आळशीपणाची सोय मी का करू? आकडा बघ! जाळं ओढलं की आत काय आलंय हे तुमच्यात बघतात की नाही? का तशीच टोपली उचलून बाजारात जाता?"

सगुणाकाकीने हातातला कोयता बाजूला ठेवला आणि आत गेली. चंदू हसला. पटलं असावं त्याला. मुकाट्याने त्याने सगळीकडे आकडे बघायच्या ओळी घातल्या. असं एकदा खडसावलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सोमवार, २ डिसेंबर

लॅबमध्ये मशीन बसलं. पडद्यावर मराठी उमटतं ते बघून डॉ. रेगे खूश. मशीनवर मंजुळा नावाची मुलगी बसणार. ती आधी त्यांचे रिपोर्ट टाइप करायची. बोटं चांगली चालतात, डोकं चालतं का ते बघू.

माझ्या पद्धतीचा कळस असा : डिस्कवरची जागा वाचता आली नाही की आकडा येतो चौदा. मग पडद्यावर लाल अक्षरांत "त्रुटी १४ : भोईरांना कळवा" असं येतं, भोईर म्हणजे मी, आणि मशीन कुलूपबंद होतं. परवलीचा शब्द फक्त मला ठाऊक. डॉक्टरीणबाईंना जरा धास्ती वाटली. "तुम्ही येईपर्यंत पेशंट ताटकळणार?" म्हणाल्या. मी म्हटलं, मशीन बंद पडेल पण खोटं बोलणार नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन आईलाही ऐकवलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

शुक्रवार म्हणजे विजेच्या सुट्टीचा वार. दुपारी खालच्या डेअरीवाल्याने हाक मारली, कोपरीवरून फोन आहे. मंजुळा. "सर, तो चौदा आलाय."

डोंबिवलीहून कोपरीला गेलो. बाकावर पेशंट बसलेले, डॉक्टरीणबाई येरझाऱ्या घालताहेत, आणि मंजुळा मशीनपासून लांब उभी, जसं काही ते चावणार आहे.

"काय केलंस?"

"मी काय नाय केलं सर. लाइट गेले, आले, मी रिपोर्ट मागितला आणि हा आला."

"चौदा आपोआप येत नाही. आपोआप फक्त पगार येतो."

बाकावरचा एकजण हसला. मंजुळाचे कान लाल झाले. मग मी तिला सगळ्यांच्या देखत मशीन चालू करायची, बंद करायची परीक्षा द्यायला लावली. रडवेली झाली, पण दिली. खरं तर वीज जाताना डिस्कवरची ती जागा खराब झाली होती. तिचा हात लागला नव्हता. पण धाक असलेला बरा. तिची चूक नव्हती हे तिला सांगायला मी थांबलो नाही.

रविवार, १५ डिसेंबर

जेवताना मी शुक्रवारची हकिगत रंगवून सांगितली. वाटलं घरची हसतील. आई भात कालवता कालवता थांबली.

"पंढरी, त्या पोरीला कशाला बोललास इतका? तिनंच सांगितला ना तुला?"

मग तिने आयरेगावच्या बांधाची गोष्ट काढली. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्या लोकांनी बांध घातलेले. त्याला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणायचं. खांड वेळेत बुजवली नाही तर पीक जातंच, जमीनही खारावते.

"तुजा बापूस सांगाचा," आई म्हणाली. "खांड परली का जो बगल त्यानं बोंबलाचा. बाकीच्यांनी निसता 'आलो' बोलाचा नि चिखल घेऊन निंगाचा. तू बांदावर कशाला गेलतास, आसा कुनी इचाराचा नाय. कंदी नाय."

"का बरं?"

"गोमाजी दुसऱ्याच्या हद्दीत चिंबोऱ्या चोराला गेलता. त्यानं खांड बगली. आता तो बोंबलल तं चोर ठरल. तरी बोंबलला. त्याला कुनी इचारला नाय. ही रीत पराच्या आगोदर एकाला इचारलेला, नि मारलेला. मंग पुडच्या वक्ताला ज्यानं बगली तो गप घरी जेला. दोन-तीन वरसा शेतान मीठ पिकला."

"आणि गोमाजीच्या चिंबोऱ्यांचं काय झालं?" शालूने विचारलं.

"त्यानं खाल्ल्या ना!"

दोघी हसल्या. आईच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी खेकडा निघतो. मी म्हटलं, आई, भातशेती वेगळी, डिस्क वेगळी. शिकलेल्या माणसाने चिखल घेऊन धावत सुटायचं नसतं, कोणाची चूक ते आधी ठरवायचं असतं. आईने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवार, ३० डिसेंबर

मध्ये मंजुळाचे आणखी फोन आले. प्रत्येक वेळी गेलो, प्रत्येक वेळी दोन शब्द सुनावून आलो. नाताळापासून मात्र फोन बंद. मशीन कसं चाललंय विचारलं तर चंदू म्हणाला, "एकदम मस्त. मी जरा छपाईत सुधारणा केलीय." काय केलीस म्हटलं तर म्हणाला, "किरकोळ रे." याचं किरकोळ म्हणजे अक्षरं ठळक, चौकटी दुहेरी. मी बघितलंसुद्धा नाही.

माझी पद्धत स्थिर झाली, एवढं खरं. आधी बाळसं धरताना थोडी कुरकुर होतेच. आता पाच-सहा दिवस झाले, चौदाचं नाव नाही. जुन्या कंपनीतल्या लोकांना नेऊन दाखवावं असं फार मनात आहे.

शनिवार, १८ जानेवारी १९९२

शालूला पाचवा चालू आहे. चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, अशा तिच्या रोज नव्या तक्रारी. मी परवा म्हटलं, एकदम सगळं सांगून टाक, हप्त्याहप्त्याने नको. मग आई ऐकेना म्हणून प्रसूतिगृहात डॉ. सोहोनीबाईंना दाखवलं.

बाईंनी विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

शालूने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे." झालं! घरात कण्हायचं आणि डॉक्टरसमोर ठणठणीत. कुठलंही उत्तर माझ्या चेहऱ्याकडे बघून द्यायची तिची ही खोड लग्नापासूनची आहे, परीक्षेला बसल्यासारखी. बाईंनी तरी रक्त तपासून आणायला सांगितलं. मी म्हटलं, दुसरीकडे कुठे नाही, माझ्या मशीनवर. आज कोपरीला घेऊन गेलो. आईचीही तपासणी राहिली होती, तिलाही नेलं. आधी आईचं रक्त घेतलं, मग लगेच शालूचं. मंजुळाने मला बघून पदर सारखा केला आणि मशीनच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. मी म्हटलं, चौदा? "नाय सर, अजिबात नाय," म्हणाली. आवाज जरा चिरका होता. अजून धाक आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

रिपोर्ट आले. छपाई सुबक, चंदूला एवढं तरी येतं.

आणि गंमत बघा. आईचं हिमोग्लोबिन ११.८, शालूचंही ११.८. पांढऱ्या पेशी दोघींच्या सारख्या. ई.एस.आर. सारखा. दशांशापर्यंत सगळं तेच. मी दोन्ही कागद जेवायच्या आधी दोघींसमोर धरले. म्हटलं, मीठ किती घालायचं यावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही त्या सासू-सुनेचं रक्त मात्र एक निघालं! आई साठी ओलांडून खाडीपर्यंत चालत जाते आणि हिला जिना चढवत नाही. रक्त तेच, मग फरक कशात आहे ते सांगा.

शालू कागदाकडे बघत राहिली. "मग मला असं का होतं?" म्हणाली.

"कारण तुला वाटतं म्हणून," मी म्हटलं. "मशीनला वाटत नाही."

नंतर तिने तो विषय काढला नाही. दोन्ही कागद मी फाइलला लावले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कल्याणच्या एका नर्सिंग होमकडून विचारणा आलीय. तिथे काम लागलं तर ठाण्यात गाळा घ्यायचा.

रिपोर्ट आल्यापासून घरात शांतता आहे. शालू एकही तक्रार करत नाही. स्वयंपाक स्टुलावर बसून करते, पाणी आई भरते, पण तोंडातून शब्द नाही. पुराव्यापुढे माणसाचं काही चालत नाही ते असं. आज आई म्हणाली, "पोरगी पांढरी परली रं." गोरी सून पाहिजे म्हणून हिनेच आंबिवलीपर्यंत पायपीट केली होती, आता तीही तक्रार.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शनिवारी संध्याकाळी चुलतभावाची हळद होती. मांडवात बेंजो वाजत होता. शालू बायकांत बसली होती, हळद लावायला उठली आणि उभीच्या उभी खाली आली. मला वाटलं पाय अडकला. मी तिथून ओरडलो, "खाली बघून चालता येत नाही का?" ती उठली नाही.

जीपमध्ये घालून सोहोनीबाईंकडे नेलं. बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पांढरं फटक. मला म्हणाल्या, "हिचं रक्त कधी तपासलं होतं?"

वाटेत जीप घरापाशी थांबवून मी फाइल घेतली होती. शालूचा कागद मी पुढे केला. "अकरा पूर्णांक आठ. कॉम्प्युटरवरचा रिपोर्ट आहे."

"हिला बघा," बाई म्हणाल्या.

"पण रिपोर्टमध्ये..."

"अहो, बाळ कॉम्प्युटरच्या पोटात नाहीये!" बाई ओरडल्या. इतकी माणसं उभी असताना मला असं कोणी बोललं नव्हतं.

त्यांनी तिथेच तपासलं. ५.२. म्हणाल्या, महिनाभरापूर्वीही फार वेगळं नसणार. आणखी उशीर झाला असता तर आई आणि बाळ दोघंही हाताला लागली नसती. रक्त चढवायचं होतं. कोणी कळवलं ठाऊक नाही, चंदू कोपरीहून आला आणि एक बाटली रक्त देऊन गेला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला वाटलं, रक्त दिलं म्हणून.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून ती फाइल पुन्हा उघडली. रेगेबाईंच्या लॅबला कसं झापायचं याची वाक्यं जुळवत होतो. आधी बायकोचा कागद, खाली आईचा. दोन्ही बाजूबाजूला धरले आणि एकेक आकडा बोटाने जुळवत गेलो.

उष्टं ताट.

शालूचा रिपोर्ट वाचताना डिस्कने दगा दिला. चौदा आला. कोणीतरी तो गिळला आणि ताटात पडलेली आईची माहिती शालूच्या नावाने छापली. शालूला काय झालंय हे शालू सोडून सगळ्या जगाला चुकीचं कळलं.

घरी येऊन २१ जानेवारीचं पान वाचलं. तीन वेळा वाचलं. चंदूने गिळला असेल, मंजुळाने गिळला असेल. पण त्यानंतर तो आकडा माझ्यापर्यंत आलाच होता की. दोन कागदांवर, दशांशापर्यंत सारखा, माझ्या स्वतःच्या हातात. शून्य नव्हे हे शेंबड्या पोराला दिसलं असतं. आणि मी त्यावर विनोद केला, आणि तिला गप्प बसवलं. मला माझी इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती.

दुपारी कोपरीला गेलो. चंदू घरीच होता. मी कागद टाकले. त्याने बघितले आणि खाली बसला.

"तुझी किरकोळ सुधारणा काय होती, चंदू?"

"कुलूप काढलेलं मी," तो म्हणाला. "चौदा आला की परत वाचायचं, परत वाचायचं. बहुतेक वेळा वाचतं रे."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर पुढे जायचं. मला वाटलेलं, नाय वाचलं तर कोरा कागद येईल. मंजुळा रडत आलेली माझ्याकडे. बोलली, चंदूदादा, काय पण कर, पण त्या भोईर सरांना फोन करायला नको लावू."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" चंदू उभा राहिला. "तुला सांगायला कोण येणार, पंढऱ्या? तू माणसाला चार लोकांत नागडा करतोस. माझ्या आईसमोर केलंस. हसलो मी, म्हणून तुला वाटलं पटलं? तुझ्या प्रोग्रॅममधनं आकडा वर येतो रे बरोबर. पण वर कोण बसलाय? तू! तुझ्यापर्यंत यायची कोणाची छाती आहे?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. मग कागद गोळा करायला लागलो. सगुणाकाकीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, माझ्याकडे न बघता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज डॉ. रेगेंना सांगितलं. जाताना वाटेत काय काय सुचत होतं! डिस्क खराब होती, वीज जाते, चंदूने न विचारता बदल केला. सगळं खरं. शिवाय कल्याणच्या नर्सिंग होमच्या कानावर गेलं तर धंदा बसला. थोडं थांबून, गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? हे इथे लिहितोय कारण असं वाटून गेलं.

आत जाऊन म्हटलं, "नाताळापासूनचे काही रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटचे छापले गेलेत. कोणते ते मला सांगता येत नाही. माझ्या बायकोचा त्यातला आहे."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. मी त्यांच्या जागी असतो तर दिवसभर बोललो असतो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बायको कशी आहे?" आणि मग, "सगळ्यांना परत बोलवायचं. आजपासून."

मंजुळा दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो तसं तिने भिंतीचा आधार घेतला. माझ्या तोंडात होतं, "का नाही सांगितलंस?" आणि आईचा बांध आठवला. विचारलं नाही. म्हटलं, "पेशंटचे पत्ते काढ." माफी मागायला हवी होती. तेवढं धाडस झालं नाही.

रविवार, १ मार्च

दहा दिवस कोपरीत दारोदार फिरतोय. चंदू बरोबर असतो, कधी मंजुळा. दार वाजवायचं आणि सांगायचं, तुमचा रिपोर्ट चुकीचा असू शकतो, फुकट तपासून देतो, या. एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या मिशीनला पन भूल परते काय?" घरातली सगळी खो खो हसली. मी उभा राहून ऐकून घेतलं. गुणाजी नावाच्या एका आजोबांना साखर नाही असं आम्ही छापलं होतं आणि ते महिनाभर रोज जिलेबी खात होते. साखर भरपूर निघाली. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या काही नवीन होत्या.

कल्याणचं काम गेलं. त्यांच्या कानावर मीच घातलं.

प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता वाढायच्या आधी ताट मी धुतो. ही एक ओळ होती. नोव्हेंबरात चंदूने मागितली तेव्हा मी त्याला सोय म्हणून हिणवलं होतं. वाचता आलं नाही तर त्या पेशंटचा रिपोर्ट छापला जात नाही, तसं कागदावर मोठ्या अक्षरांत येतं, आणि बाकीच्यांचं काम चालू राहतं. चौदा पडद्यावर अजून येतो, पण कुलूप काढलं. परवलीचा शब्दही काढला. तो काय होता ते कोणी विचारलं नाही हे बरं, कारण तो माझंच नाव होता.

शुक्रवार, ६ मार्च

दुपारी डेअरीवाल्याची हाक. मंजुळा. "सर... चौदा."

जिभेवर काय काय आलं ते इथे लिहीत नाही. जुनी सवय, वाटेवरच उभी असते.

"आलो," मी म्हटलं.

गेलो तर मशीनमध्ये फ्लॉपी डिस्क उलटी घातलेली. नुसती उलटी! डोंबिवलीहून मी उलटी फ्लॉपी सरळ करायला गेलो होतो. मंजुळा माझ्या तोंडाकडे बघत होती, चंदू बघत होता, बाकावरचे पेशंटही. मी फ्लॉपी सरळ केली. म्हटलं, "बरं झालं कळवलंस." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मग तिला म्हटलं, "डिसेंबरात तुझा हात लागला नव्हता. मला तेव्हाच ठाऊक होतं." थोड्या वेळाने चहा आला, त्यात माझाही कप होता.

शनिवार, १४ मार्च

शालूला घेऊन सोहोनीबाईंकडे गेलो. सातवा चालू आहे. बाळाचे ठोके चांगले आहेत. हिमोग्लोबिन वर येतंय, सावकाश. घरी ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी दोनदा काही सांगायला गेलो तर म्हणाली, "राहू दे." त्यावर पुढे काय करायचं मला कळत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "आता तू गप ऱ्हा थोरा."

आज बाईंनी विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

मी आपण होऊन खिडकीकडे बघायला लागलो. गरज नव्हती. शालूने माझ्याकडे बघितलंच नाही.

"नाही बरं वाटत," ती बाईंना म्हणाली. आणि मग सांगायला लागली. पाय सुजतात. पाठीत कळ येते. रात्री कुशीवर वळता येत नाही. पडल्यापासून जिन्याची भीती बसलीय. आणि नोव्हेंबरापासून दमल्यासारखं होत होतं, ती म्हणाली, तेव्हापासून.

बराच वेळ सांगत होती. मी मध्ये बोललो नाही.